मल्हारराव गायकवाडांवर पान लिहायचं तर काय लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात पिलाजीरावांपासून प्रतापसिंहरावांपर्यंत गायकवाड राजांवर एकेक पान आहे. मल्हाररावांच्या पानावरून समितीत दोन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, ज्याला गादीवरून उतरवलं आणि ज्याच्यावर विषप्रयोगाचा खटला चालला, त्याच्यासाठी पान कशाला खर्ची घालायचं? खंडेरावांवरून सरळ सयाजीरावांवर या. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ते इंग्रजांच्या कारस्थानाला बळी पडले, हे ठणकावून लिहा. संपादनाचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी विचारलंय, यातलं खरं काय मानायचं?

मी बडोद्यातच इतिहास शिकवत आलो आणि गायकवाडी काळातले मोडी कागद अजूनही वाचतो. माझ्या मते तुमच्या समितीतले दोन्ही गट एकाच जागी अडकलेत. दोघेही १८७५ च्या खटल्यावरून राजाची किंमत ठरवताहेत. एकाला वाटतं खटला झाला म्हणजे राजा वाईट. दुसऱ्याला वाटतं खटला लटका होता म्हणजे राजा चांगला. पण बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेयर यांच्या पेल्यात विष कोणी घातलं, हा एक प्रश्न. मल्हाररावांच्या अमलात पेटलाद किंवा पादऱ्याच्या कुणब्याचं काय झालं, हा दुसरा. आणि इंग्रजांना त्यांना काढायचा अधिकार होता का, हा तिसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. मी विद्यार्थ्यांना हे तीन कागद वेगळे करून लिहायला लावायचो, आणि ज्यांना ते वेगळे ठेवता आले त्यांचेच निबंध वाचण्यासारखे व्हायचे.

आधी माणूस कोणत्या परिस्थितीत गादीवर आला ते पाहा. दुसऱ्या सयाजीरावांचे तीन मुलगे एकापाठोपाठ एक राजे झाले: गणपतराव, खंडेराव आणि मल्हारराव. १८६३ मध्ये खंडेरावांना मारण्याचा कट केल्याच्या आरोपावरून मल्हाररावांना पादऱ्याला कैदेत टाकलं गेलं. खंडेराव नोव्हेंबर १८७० मध्ये वारले तेव्हाच ते बाहेर आले, आणि थेट गादीजवळ. तीही पक्की नव्हती, कारण खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची. जीवाच्या भीतीनं जमनाबाई रेसिडेन्सीच्या, म्हणजे रेसिडेंटच्या ठाण्याच्या, आसऱ्याला होत्या. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे सात वर्षं कैद आणि वर सात-आठ महिने टांगती तलवार. पुढच्या सगळ्या कारभारात जो संशय आणि जी घाई दिसते, तिचं मूळ मला इथे दिसतं. मूळ सापडलं म्हणजे माफी मिळाली असं नाही, पण तुमच्या पानावर पादऱ्याचा उल्लेख नसेल तर वाचणाऱ्याला पुढचं काही उमगणार नाही.

गादी मिळाल्यावर त्यांनी खंडेरावांची माणसं एकामागून एक दूर केली. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात गेले आणि तिथेच वारले. विष दिल्याचा बोलबाला तेव्हाच झाला होता. जुन्या सरदार-शिलेदारांच्या नेमणुका कापल्या गेल्या, पागा म्हणजे घोडदळाची पथकं मोडली. काही पेढीवाल्यांची मालमत्ता जप्त झाली. कारभार मेहुण्याच्या, नानासाहेब खानवेलकरांच्या हाती गेला.

इथे एक गोष्ट तुमच्या समितीतल्या मंडळींनी स्वतःशी तपासून पाहावी. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत मल्हाररावांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, पण त्या गोष्टीचा कल कुठे आहे हे त्या घराचा पूर्वज १८७१ मध्ये कोणाच्या बाजूला उभा होता त्यावर ठरतं. ज्याची पागा मोडली त्याच्या घरी मल्हारराव म्हणजे राक्षस. ज्याला नवी नेमणूक मिळाली त्याच्या घरी भोळा राजा, ज्याला गोऱ्यांनी फसवलं. दोन्ही घरं खोटं बोलत नाहीत. म्हणून दांडिया बाजारातले कोणी आजोबा छातीठोकपणे काही सांगत असतील तर लिहून जरूर घ्या, पण त्यांचं घराणं तेव्हा कोणत्या खात्यात होतं तेही शेजारी नोंदवा. मी तोंडी आठवण घेताना हे पहिल्यांदा विचारतो, गोष्ट नंतर ऐकतो.

आता रयतेकडे येतो, कारण माझ्या लेखी मल्हाररावांचा निवाडा इथे व्हायला हवा आणि नेमकं इथलंच कोणी बोलत नाही.

१८७३ च्या शेवटी इंग्रज सरकारनं कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली बडोद्यात चौकशी समिती बसवली. तिच्यापुढे सरदार आले, सावकार आले आणि खेड्यापाड्यातून शेतकरीही आले. तक्रारींचा गाभा असा: शेतसारा झेपत नाही, गादीवर बसल्याचा म्हणून वेगळा नजराणा घेतला, पैसे काढण्यासाठी मारहाण, छळ होतो, आणि बायकांना जबरदस्तीनं वाड्यात बटीक म्हणून नेलं जातं.

यातला नजराणा कसा चालायचा ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. वहिवाटदाराला, म्हणजे महालाच्या (तालुक्याच्या) कारभारी अंमलदाराला, आपली जागा मिळवायला आणि टिकवायला वर नजराणा भरावा लागे. तो पैसा तो घरातून आणत नव्हता. महालात गेला की पहिल्या सुगीलाच तो पाटलाकडून आणि पाटील कुणब्याकडून तो काढणार, आणि पुढच्या वर्षी कोणी जास्त देणारा आला तर आपली जागा जाईल म्हणून शक्य तितक्या लवकर काढणार. महाराजांनी कोणाला मारा असा हुकूम दिलाच पाहिजे असं नाही. जागेचा लिलाव मांडला की मार आपोआप खाली उतरतो. म्हणूनच ‘राजा बिचारा भोळा, कारभारी वाईट’ हे म्हणणं मला पटत नाही. कारभाऱ्यांना वाईट व्हायला भाग पाडणारी रीत वाड्यातून चालत होती आणि तिचा पैसा वाड्यात येत होता.

हे सगळं मल्हाररावांनीच सुरू केलं का? नाही, आणि हे लिहिलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. खंडेरावांच्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीच्या दिवसांत साऱ्याचा बोजा वाढला. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र तसाच राहिला. नजराण्याची चालही जुनीच. मल्हाररावांच्या वाट्याला आधीच वाकलेली रयत आली. त्यांनी त्या पाठीवर आणखी ओझं ठेवलं, एवढं नक्की.

‘पण ही समिती इंग्रजांचीच होती ना?’ असं दुसरा गट म्हणेल, आणि ते बरोबर आहे. आरोप करणाऱ्यानेच बसवलेल्या चौकशीचे कागद वाचताना मी काय करतो ते सांगतो. पहिलं पाहतो, तक्रार करणाऱ्याला ती करून काय मिळणार होतं. बडतर्फ सरदाराला नेमणूक परत हवी होती, सावकाराला पैसा हवा होता. त्यांचं बोलणं मी हात राखून घेतो. खेड्यातल्या कुणब्याला मात्र परत महालातच राहायचं होतं, त्याच वहिवाटदाराच्या हाताखाली. मीडसाहेब चार दिवसांनी निघून जाणार हे त्याला कळत होतं. तरीही तो बडोद्याला येऊन उभा राहिला. आणि बायकांच्या तक्रारीचं तर काय सांगावं! घरातली बाई जबरदस्तीनं नेली हे चारचौघांत सांगणं म्हणजे त्या काळात आपल्याच घराची अब्रू वेशीवर टांगणं. फायद्यासाठी असं कोणी सहसा सांगत नाही. या दोन प्रकारच्या तक्रारींवर माझा विश्वास बसतो, मग त्या कोणाच्याही दप्तरात असोत.

आता विषाकडे.

कर्नल रॉबर्ट फेयर मार्च १८७३ पासून बडोद्याचे रेसिडेंट. सिंधमधल्या आधीच्या जागेवरून त्यांना वरिष्ठांशी भांडण झाल्यामुळे हटवलं होतं. माणूस तापट, आणि दरबाराविरुद्ध कोणीही काही सांगायला आला तर ऐकून घ्यायला सदैव तयार. दादाभाई नौरोजींना मल्हाररावांनी दिवाण म्हणून आणलं तेव्हाही फेयरनी विरोधच केला. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी ते नेहमीप्रमाणे फिरून आले. टेबलावर पपनसाच्या रसाचा पेला ठेवलेला असे. दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही म्हणून उरलेला रस खिडकीबाहेर फेकला. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरनं तो पाहिला, मग मुंबईला रासायनिक तपासणी झाली. सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड, असा निष्कर्ष निघाला.

तपास सुरुवातीला अडखळला. मग मुंबईचे पोलीस आले आणि डिसेंबरात रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याने कबुलीजबाब दिला: महाराजांनी पैसे देऊन हे करवून घेतलं. त्याला माफी मिळाली. त्याच्याच कमरेच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही इतक्या दिवसांनी आणि पोलीस अधिकाऱ्याच्या हातून. नरसू जमादाराची कबुली झाली. त्याने पुढे विहिरीत उडी घेतली, वाचला. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनीही माफीच्या आश्वासनावर साक्ष दिली. हिऱ्याच्या व्यापाऱ्याने आयोगापुढे आपला आधीचा जबाब फिरवला आणि पोलिसांनी तो जबरदस्तीनं लिहून घेतल्याचं सांगितलं. विलायतेहून आणलेले महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी रावजीची उलटतपासणी घेतली तेव्हा त्या पुडीची गोष्ट टिकाव धरेना.

मल्हाररावांना १४ जानेवारी १८७५ ला अटक झाली होती. २३ फेब्रुवारीला बडोद्यातच आयोगाचं काम सुरू झालं. सहा सभासद: कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड (१८७३ च्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते तेच) आणि मेल्व्हिल हे तीन इंग्रज; ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी. तीन-तीन अशी फूट पडली. इंग्रज म्हणाले दोषी; हिंदी सभासदांनी विषप्रयोग सिद्ध झाला असं मानलं नाही.

या फुटीकडे बोट दाखवून ‘बघा, आपल्या माणसांनी निर्दोष ठरवलं’ असं म्हणण्याचा मोह होईल. जरा थांबा. इंग्रजांना त्यांचा रेसिडेंट जपायचा होता, हे तर उघडच. पण जयाजीराव आणि रामसिंह हेही राजेच होते. रेसिडेन्सीतल्या नोकरांच्या जबान्यांवर एक राजा गादीवरून उतरू शकतो हा पायंडा पडला तर उद्या आपलं काय, हे त्यांच्या मनात आलंच नसेल असं मला म्हणवत नाही. दिनकररावांचं मत मी जास्त वजनाचं धरतो, कारण त्यांना गादी नव्हती आणि कारभाराचे कागद कसे तयार होतात हे ते पुरतं जाणत होते. त्यांचंही म्हणणं एवढंच की विषाचा आरोप शाबीत होत नाही. रेसिडेन्सीच्या नोकरांना बातम्यांसाठी पैसे पोहोचत होते, हे मात्र नाकारता येत नव्हतं.

हेतूकडे पाहिलं तरी चित्र दुहेरी आहे. फेयरना इथून हलवा, असा खलिता मल्हाररावांनी २ नोव्हेंबरला व्हाइसरॉयकडे पाठवला होता, म्हणजे पेल्याच्या घटनेच्या आठवडाभर आधी. जो माणूस कायदेशीर मार्गानं रेसिडेंटला हटवायच्या बेतात आहे तो त्याच आठवड्यात विष का घालेल? शिवाय व्हाइसरॉयनी त्याच महिन्यात फेयरना खरोखर बाजूला केलं आणि सर लुईस पेलींना पाठवलं. दुसऱ्या बाजूनं, मल्हाररावांचं लक्ष्मीबाईंशी झालेलं लग्न आणि त्यांना ऑक्टोबरात झालेला मुलगा या दोन्हींच्या वैधतेवर फेयर प्रश्न उठवत होते, आणि वारसाचा प्रश्न आला की वाड्यातला माणूस शांतपणे हिशोब करत नाही. म्हणून माझा सल्ला: ‘आरोप सिद्ध झाला नाही’ असं लिहा. ‘निर्दोष होते’ असं लिहू नका आणि ‘विषप्रयोग केला’ असंही लिहू नका. कागद जिथे थांबतात तिथे आपण थांबायचं.

तिसरा प्रश्न, काढून टाकणं योग्य होतं का. इथे मात्र माझं मत अगदी स्पष्ट आहे: ज्या रीतीनं काढलं ती रीत अन्यायाची होती.

जुलै १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना कारभार सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली होती. दादाभाई, बाळ मंगेश वागळे, होरमसजी वाडिया, काजी शहाबुद्दीन अशी त्या काळातली उत्तम माणसं कारभारात आली होती. हेही सांगायला हवं की मल्हाररावांनी खानवेलकरांना दिवाणगिरीवरून काढलं तरी ‘प्रतिनिधी’ म्हणून जवळच ठेवलं, आणि दादाभाईंना वाड्यातून मनापासून साथ कधी मिळाली नाही. वरून रेसिडेन्सीची आडकाठी. दोन्हीकडून कोंडी झालेल्या दादाभाईंनी जानेवारी १८७५ मध्ये राजीनामा दिला. तरी मुदत म्हणजे मुदत. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यानं महाराजांना पदच्युत केलं, तेव्हा ती संपायला आठ महिने उरले होते. आणि कारण काय दिलं? आयोगात फूट पडल्यामुळे विषाचा आधार घेता येईना, म्हणून कुप्रसिद्ध वर्तन, घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता. सहा माणसांपुढे ज्या गुन्ह्यासाठी उभं केलं तो बाजूला ठेवून, ज्यासाठी मुदत दिली होती ती गोष्ट मुदतीआधीच पुढे केली. त्यांच्या संततीचाही गादीवरचा हक्क काढून घेतला. कारभार वाईट होता म्हणून मी या पद्धतीला न्याय म्हणणार नाही.

तेव्हाच्या लोकांनाही ते टोचलं. महाराजांना आगगाडीनं मद्रासला नेल्यावर बडोद्यात दंगा झाला आणि लक्ष्मीबाईंच्या तान्ह्या मुलाला गादीवर बसवायचा प्रयत्न झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं हे प्रकरण हाती घेतलं होतं. वासुदेव बळवंत फडके यांच्या मनावर ज्या घटनांचा परिणाम झाला त्यांत बडोद्याचं हे प्रकरणही सांगितलं जातं. रयतेला छळणारा राजा आणि ज्याच्यासाठी पुण्यातली सुशिक्षित मंडळी पेटून उठली तो राजा, दोन्ही एकच. यात विसंगती काही नाही. सभेचा राग मल्हाररावांच्या प्रेमापोटी नव्हता. उद्या कुठल्याही हिंदी राज्याचं हे होऊ शकतं, या जाणिवेतून होता.

मग मल्हाररावांची आज जी प्रतिमा आहे ती इतकी काळी कशी झाली? पुढच्या माणसामुळे, असं माझं उत्तर आहे. २७ मे १८७५ ला जमनाबाईंनी कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव (तिसरे) झाला. इंदूरहून आलेले सर टी. माधवराव दिवाण झाले. त्यांनी कारभार खरोखर मार्गी लावला, आणि प्रत्येक नवा कारभारी करतो तसं आधीची अवस्था किती वाईट होती हेही नीट नोंदवून ठेवलं. त्यात बरंच खरं होतं. पण त्या नोंदींना उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूचं कोणी उरलं नव्हतं. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासला वारले. पुढे १९०६ पासून सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात लागू करणारा राजा आपल्याला मिळाला, आणि त्या उजेडासमोर मागचा राजा नुसती सावली होऊन राहिला. सयाजीरावांचं मोठेपण सांगायला मल्हाररावांना आणखी काळं करायची गरज नाही. ते त्यावाचूनही मोठे आहेत.

ही सावली किती लांब पडते याचं उदाहरण तुमच्याच स्मरणिकेत असू शकेल. तो प्रसिद्ध मोत्यांचा गालिचा मल्हाररावांच्या उधळपट्टीचा पुरावा म्हणून हल्ली सर्रास लिहिला जातो. तो खंडेरावांनी करवून घेतला, १८६५ च्या सुमारास, मदिनेला अर्पण करण्याच्या इच्छेनं. ‘स्टार ऑफ द साउथ’ हा मोठा हिराही खंडेरावांनीच घेतला. पण खंडेराव शौकीन, दिलदार, मल्लांचे आश्रयदाते म्हणून लक्षात राहिले, त्यामुळे त्यांचा खर्च ‘हौस’ आणि भावाचा खर्च ‘उधळपट्टी’. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या हे त्यांच्या नावावर राहू द्या. बाकीचं ज्याचं त्याच्या नावावर गेलं पाहिजे. बदनाम माणसाच्या खात्यावर शेजारच्याचा खर्च टाकणं फार सोपं असतं, कारण तक्रार करायला कोणी येत नाही. म्हणून मी बदनाम राजाबद्दलची कुठलीही चमचमीत गोष्ट आली की आधी तिचं साल शोधतो. निम्म्या गोष्टी तिथेच गळतात.

आता तुमच्या पानाचं. किती जागा आहे आणि वाचणारे कोण आहेत यावर थोडं अवलंबून राहील. शाळकरी मुलं वाचणार असतील तर खटल्याच्या तपशिलात फार शिरू नका, त्यांना पेला तेवढाच आठवेल. मंडळाचे जुने सभासद वाचणार असतील तर खटला द्यावाच लागेल, नाहीतर पहिलं पत्र त्याबद्दलच येईल. पान गाळणं मात्र कुठल्याच परिस्थितीत योग्य वाटत नाही. खंडेरावांनंतर कवळाण्याचा मुलगा गादीवर का आला, हेच मग कोणाला कळणार नाही.

मी लिहिलं असतं तर साधारण असं:

‘मल्हारराव (कारकीर्द १८७०–१८७५) सात वर्षांच्या कैदेनंतर गादीवर आले. त्यांच्या अमलात साऱ्याचा आणि नजराण्याचा बोजा रयतेला असह्य झाला, पैशासाठी छळ झाला, स्त्रियांना जबरदस्तीनं वाड्यात नेल्याच्या तक्रारी १८७३ च्या चौकशीत पुढे आल्या. यातल्या काही रीती आधीपासूनच्या होत्या. त्या त्यांनी थांबवल्या नाहीत, वाढवल्या. १८७४ मध्ये रेसिडेंटवर विषप्रयोग झाल्याचा आरोप त्यांच्यावर आला. सहा जणांच्या आयोगात तीन-तीन अशी फूट पडली आणि आरोप सिद्ध झाला नाही. तरीही इंग्रज सरकारनं स्वतः दिलेली मुदत संपण्याआधीच त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. या निर्णयाविरुद्ध बडोद्यात आणि पुण्यात तीव्र नाराजी उमटली. १८८२ मध्ये मद्रासला त्यांचं निधन झालं.’

एवढ्यात दोन्ही गटांना आपलं काहीतरी सापडेल आणि दोघांनाही काहीतरी खटकेल. ते खटकणं मजकुरातून काढून टाकू नका. छापखान्यातून ‘चार ओळी जास्त होताहेत’ असा निरोप आला तर खटल्याच्या ओळी कमी करा. बॅलंटाइन, पुडी, हिऱ्याची पूड हे सगळं दुसरीकडे भरपूर छापलेलं आहे. रयतेच्या आणि त्या बायकांच्या ओळीला मात्र हात लावू नका, कारण त्यांच्या बाजूनं तुमच्या समितीत कोणताच गट बसलेला नाही.